अंगठा

साठ अंशांच्या भट्टीतून माती यायची,
तपकिरी, मऊ, गंधकाचा वास मारणारी.
हेलेना म्हणायची, तू घरी येतोस तेव्हा
आधी आगकाडी येते, मग तू.

अठ्ठावन्न साली मी डेट्रॉइटात चिखल्या म्हणून लागलो.
पत्र्याच्या आधी गाडी मातीची असते,
खऱ्याएवढी, इंजिनावाचून.
त्या वर्षी सगळ्यांना उडायचं होतं.
मागच्या बाजूला पंख, दर हंगामात दीड बोट उंच.
वरच्या मजल्यावरून निरोप यायचा : अजून.
अजून म्हणजे किती, ते कुणी लिहून देत नसे.
पहाटे तीनला स्टुलावर चढून
मी पंखांची टोकं घासली आहेत,
आणि खाली ती गाडी
जागची हलत नव्हती.

मग एक दिवस पंख नकोत.
कारण कळलं नाही. तारेनं कापले,
लोण्यासारखे, बादलीत भरले.
पुढच्या वर्षीचा बंपर त्याच मातीचा.

बाहेरच्यांना हे माहीत नसतं :
मातीची गाडी डावीकडून एक, उजवीकडून दुसरी.
दोन बेत, एकच धड.
मध्ये आरसा उभा केला की अर्धीची पुरी होते.
साहेब या बाजूनं बघायचे, मग त्या,
आणि सिगारचं टोक एकीकडे वळायचं.
दुसरी बाजू त्याच रात्री भट्टीत.
माझ्या चांगल्या गाड्या बहुतेक
चुकीच्या बाजूला होत्या.

तेल महागलं. रेषा सरळ झाल्या,
पाचरीसारखं नाक, खोक्यासारखं बूड.
काटकोनाला अंगठा लागत नाही.
मला खरवडणी धरायला शिकवणारा तादेउश
त्याच हिवाळ्यात घरी बसला.
जाताना म्हणाला, आता सुतार बोलवा.

पुढं वारा आला. बोगद्यातला, खरा.
छतावरून धुराची बारीक रेघ सोडायची,
ती जिथं अडखळेल तिथं आपण चुकलो.
साहेबांपेक्षा बरा, चूक बोटावर दाखवायचा.
पण वाऱ्याला एकच आकार आवडतो :
चार वर्षांत सगळ्या कंपन्यांच्या गाड्या
वापरलेल्या साबणाच्या वड्या झाल्या.
हेलेनाला तेवढ्याच आवडल्या.
ती स्वतः शेवटपर्यंत बसनं गेली.

आता हॅमट्रॅमकच्या बाजारापुढं उभा राहतो.
पांढरी, राखाडी, काळी, राखाडी.
डोळे बारीक, जबडा छातीपर्यंत उघडा.
मी यांचं काय घोडं मारलंय?
बॉनेट माझ्या बरगडीला लागतं.
पुढून एखादं पोर गेलं तर
आत बसलेल्याला फक्त आकाश दिसेल.

परवा एका राखाडी दारावर घडी दिसली.
पुढच्या चाकावर उगवून
मागं जाता जाता विरलेली.
आता हे संगणकावर होतं म्हणतात. होत असेल.
मी अंगठा ठेवला, सरकवला.
कडीच्या जरा खाली एक केसभर खोलगट.
आकडे असं चुकत नाहीत.

गाडी किंचाळायला लागली.
दुकानातून एक येमेनी मुलगी धावत आली,
दोन्ही हातांत पिशव्या, वर कोथिंबीर.
तिनं गाडी गप्प केली. काय झालं, आजोबा?
म्हटलं, इथं कुणाचातरी हात फिरलाय.
ती वाकली.
तो माझ्या भावाच्या सायकलचा पोचा आहे.

मग, का कोण जाणे, पिशव्या माझ्याकडे देऊन
तिनंही अंगठा टेकवला,
पोच्यावरून पुढं नेला, मागच्या चाकापर्यंत,
जिथं घडी संपते
आणि संपली कुठं ते कळत नाही.
परत एकदा नेला.
दोन वर्षं झाली गाडी घेऊन, ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
पिशव्या जड होत्या.